मिटलेला विषय

मार्च आला की आमच्या महाडात कुणालाच कशाचा मेळ लागत नाही. शाळांच्या परीक्षा, कोर्टातली घाई, कंपन्यांमधलं वर्षअखेरीचं खूळ, वरच्या वाड्यांमधल्या शिमग्याच्या पालख्या आणि आमचा तळ्यावरचा सत्याग्रहाचा दिवस, हे सगळं एकाच महिन्यात येऊन पडतं. सावित्री आटते आणि पात्रातले दगड वर येतात. एमआयडीसीच्या रस्त्याला दुपारी धूळ आणि कसलासा आंबूस वास एकदमच नाकात शिरतो. डोंगरावर कुठेतरी वणवा लागलेला असतो, त्याची काळी कुसळं संध्याकाळी गच्चीतल्या धुण्यावर येऊन बसतात. आई दरवर्षी म्हणते, ‘हा एवढा महिना निघू दे गं.’ दरवर्षी तो निघतोही. गेल्या वर्षीचा मात्र माझ्या डोक्यातून अजून पुरता निघालेला नाही.

म्हणून हे लिहायला घेतलंय. येत्या शुक्रवारी आमच्या टीमची बैठक आहे आणि तिच्यात बाळाराम मामा बोलणार की नाही, हे मला माहीत नाही. वर्ष होत आलं, त्यांनी माझ्या बैठकीत तोंड उघडलेलं नाही. बाहेर माझ्याशी बोलतात, हसतात, घरी फणस झाला की गरे आणून देतात. पण बैठकीत नाही, आणि समीरशी तर कुठेच नाही. ज्या समीरची नोकरी त्यांनी वाचवली त्याच्याशीच नाही. आता शिमगा होऊन गेला, पालख्या देवळात परत गेल्या, म्हणजे मामांनी स्वतःला घातलेली मुदत संपली. संपली असावी, असं मला वाटतं. या प्रकरणात मला जे जे वाटलं ते बहुतेक चुकीचंच निघालंय, म्हणून जरा जपून म्हणते.

मी औषधाला लागणारी पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. मी ज्याचे नमुने तपासते तो ड्रायरचा, म्हणजे पावडर वाळवायचा विभाग लहान, माणसं मोजकीच. त्यातले सगळ्यांत जुने बाळाराम मामा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी आहे. पहाटेच्या अंधारात डोंगर उतरून ते पहिल्या शिफ्टला येतात आणि आजवर कधी उशिरा आलेले मी पाहिले नाहीत. त्यांच्या नंतरच्या शिफ्टला समीर. तो तुडीलचा. बत्तिशीतला, लग्न झालेला, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. इतकी वर्षं तो कंत्राटावर होता. गेल्या मार्चमध्ये त्याचं नाव पहिल्यांदा कायम करायच्या यादीत आलं होतं. यादी महिनाअखेरीला मुंबईला, मुख्य कचेरीत जायची होती. समीरच्या घरी तर वर्षभर दुसरा विषयच नसेल. तो स्वतः वरून दाखवायचा नाही, पण त्या महिन्यात तो बूटसुद्धा पुसून यायला लागला होता, आणि त्यावरून सगळे त्याला पिडायचे.

त्याच महिन्यात पुण्याहून आमच्या नव्या प्रमुख म्हणून रेवती मॅडम आल्या. हुशार, मनमोकळ्या, आणि डोक्यात सतत काहीतरी नवीन. आल्या आल्या त्यांनी ठरवलं की दर पंधरवड्याला टीमने एकत्र बसून मागे वळून पाहायचं. काय चांगलं झालं, काय बिघडलं, पुढे काय बदलायचं. त्या याला रेट्रो म्हणायच्या. ‘आणि ही बैठक मी नाही चालवणार, तू चालव,’ त्या मला म्हणाल्या. ‘तुला सगळ्यांची भाषा कळते.’

मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू? मी दोन दिवस संगणकासमोर बसून त्याचं शिक्षणही घेतलं. बैठक चालवणाऱ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. गप्प माणसाला हळूच बोलतं करायचं. दोष माणसाला द्यायचा नाही, कामाच्या पद्धतीत शोधायचा. सगळं मी मन लावून ऐकलं. सगळ्यांची भाषा मला कळते, हे मॅडमचं वाक्य मात्र तेवढं तपासून घ्यायला हवं होतं. शब्द कळतात, हे खरं. पण आमच्या घरापासून मामांच्या वाडीपर्यंत बसने फारसा वेळ लागत नाही, तरी बैठक म्हणजे काय याबद्दलच आमच्यात केवढं अंतर आहे, ते मला कुठे ठाऊक होतं?

मी वाढले तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तळ्यावरच्या दिवसाला आमच्या घरात कुठून कुठून माणसं येऊन उतरायची. विदर्भातली, मराठवाड्यातली, नावंही नीट माहीत नसलेली. अंगणात मोठ्या पातेल्यात डाळ शिजायची, आईचा आवाज बसायचा, आणि गर्दी ओसरली की पुढच्या रविवारी विहारात वस्तीच्या समितीची सभा व्हायची. माझे पप्पा चिटणीस. सभेची सुरुवात मागच्या वर्षीच्या सभेचा वृत्तांत वाचून. पप्पा उभे राहून खणखणीत आवाजात वाचायचे, ‘पाण्याचा टँकर वेळेवर न आल्याने पाहुण्यांची गैरसोय झाली, पुढील वर्षी जबाबदारी अमुक यांच्याकडे.’ तो अमुक समोरच सतरंजीवर बसलेला असायचा. टँकर आला असेल तर टाळ्या. नसेल तर पप्पा तेच वाक्य पुढच्या वर्षासाठी पुन्हा लिहून घ्यायचे, त्याच्या देखत, आणि तो माणूस सतरंजीचे दोरे उपसत बसायचा. आम्हा पोरांना त्यात फार मजा वाटायची. तात्पर्य काय, तर विषय संपतो तो काम झाल्यावर, हे माझ्या रक्तात आहे. त्याआधी तो कितीही वेळा काढला तरी त्यात कुणाचा अपमान नाही.

तर आमची पहिली बैठक. कॅन्टीनच्या वरची खोली, करकरणारा पंखा, खालून येणारा फोडणीचा वास. मी फळ्यावर तीन रकाने आखले, रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हटलं, बोला. कोण बोलतंय! सगळे चिठ्ठ्यांकडे असे बघत होते जणू त्या कापल्यावर लावायच्या पट्ट्या आहेत आणि आता कुणालातरी चिकटवायच्या आहेत. शेवटी बाळाराम मामांनी घसा साफ केला.

‘मॅडम, एक इचारू का? हे आमच्या गावकीत बसतात तसंच ना? शिमगा झाला की सगळी वाडी देवळासमोर बसते. वर्षभराचं ज्याचं जे असेल ते तोंडावर बोलायचं.’

रेवती मॅडमचा चेहरा उजळला. ‘अगदी तसंच, मामा! म्हणजे तुमच्याकडे हे आधीपासूनच आहे!’

झालं, मग बांध फुटला. डाळ पातळ असते. हातमोजे एकाच मापाचे येतात. रात्रीच्या शिफ्टला डास. मी लिहिता लिहिता दमले. आणि मग समीर म्हणाला, ‘माझं मामांवरच हाय. ड्रायरचा तापमानाचा काटा अडकतो, टिचकी मारल्याशिवाय पुढं सरकत नाय. मामांना हे माहीत, पण शिफ्ट देताना मला सांगितलं नाय. मी दोन दिवस येड्यासारखा त्या काट्याकडं बघत बसलो.’

मला शिकवलेलं आठवत होतं, दोष माणसाला नाही, पद्धतीला. काहीतरी गुळगुळीत बोलावं म्हणून मी तोंड उघडणार, तोवर मामा उठून उभे राहिले. ‘चुकलं माझं. सांगायला हवं होतं.’ समीर म्हणाला, ‘मग माझं काय नाय.’ एवढंच. मामा खाली गेले, गेटजवळच्या देवळातून एक नारळ घेऊन आले, पायरीवर वाढवला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. समीरला पहिला तुकडा. आम्ही सगळे खोबरं चावत हसत बसलो. रेवती मॅडमनी फोटो काढून मुंबईला पाठवला. मी घरी जाऊन पप्पांना सांगितलं की माझी पहिलीच बैठक झकास झाली. पप्पांनी विचारलं, ‘ठराव काय झाला?’ मी म्हटलं, ‘पप्पा, तुमच्या सभेसारखं नसतं ते.’

त्या पंधरवड्यात ड्रायरपाशी काय छान वातावरण होतं! मामा आणि समीर शिफ्ट बदलताना तिथेच उभे राहून गप्पा मारत. वाडीच्या पालखीचं, तुडीलच्या मासळीचं, कुणाच्या लग्नाचं. त्या दोघांना तसं पाहिलं की मला आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटायचं. सावरीची लाल फुलं गेटबाहेर पडायची आणि समीर त्यातलं एखादं उचलून मामांच्या डब्याच्या पिशवीला अडकवायचा.

दुसऱ्या बैठकीत मी घरच्या सवयीप्रमाणे मागचं वाचायला घेतलं. ‘ड्रायरचा काटा. त्याचं काय झालं?’ सगळ्यांनी माना खाली घातल्या. समीर खिडकीबाहेर बघायला लागला. मामा हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, तो विषय नका काढू आता.’ मला वाटलं, काही वाजलं की काय दोघांचं? पण दोघे तर शेजारी शेजारी बसलेले. मी परत विचारलं. मामांच्या चेहऱ्यावर अशी कळवळ आली, जणू मी भर बैठकीत काही अभद्र बोलले. रेवती मॅडमनी मला खुणेनं थांबवलं. ‘टीमला तो विषय संपलाय असं वाटत असेल तर आपण त्यांच्या मताचा मान ठेवू,’ त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते वाक्य फळ्यावरून पुसलं. मी पुढचं वाचायला घेतलं. काटा दुरुस्त झाला असेल, असं धरून चालले. पुन्हा खोबरं आलं.

काटा अर्थातच दुरुस्त झाला नव्हता. तसा अर्ज द्यायचा तर विषय परत काढावा लागला असता, आणि तो तर पहिल्याच दिवशी खोबऱ्याबरोबर खाऊन झाला होता. सगळे टिचक्या मारून काम चालवत होते. महिनाअखेरीला समीरच्या शिफ्टमध्ये तो टिचक्यांनीही हलेना, ड्रायर आत तापत गेला, आणि ट्रे बाहेर काढले तर पांढऱ्याशुभ्र पावडरीवर पिवळी झाक. नमुना माझ्याच टेबलावर आला. मी तो उजेडात धरला आणि पहिला विचार बॅचचा आलाच नाही, समीरच्या नावाचा आला.

तिसरी बैठक म्हणूनच घाईने लावली. रेवती मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, ‘इथे कुणाला दोष द्यायचा नाहीये. फक्त काय झालं ते समजून घेऊ.’ पण त्यांच्या हातात ती यादी होती आणि ती संध्याकाळी जायची होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. समीर उभा राहिला. पुसलेले बूट, धुतलेला गणवेश. म्हणाला, ‘माझी चूक. माझं लक्ष नव्हतं.’

एवढंच बोलून तो बसला. काट्याचं नावही नाही.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अरे, बोल ना! काटा अडकतो हे तूच तर सांगितलं होतंस! सगळ्यांना माहीत आहे, फळ्यावर मी माझ्या हातानं लिहिलं होतं. आणि सगळे गप्प. मी फळ्याजवळ मार्कर घेऊन उभी, आणि मला शिकवलेलं की चालवणाऱ्यानं मत द्यायचं नाही. हे मत आहे की माहिती, याचा मी विचार करत होते. खरंच, त्या क्षणी मी हाच विचार करत होते! मी बोलले असते का? असते, असं मला वाटतं. तोवर मामा उठले होते.

‘मिटलेला विषय मी परत काढतो,’ ते म्हणाले. ‘काटा बिघडलेला हाय, हे मला समीरच्या आधीपासनं माहीत हाय. मी सांगितलं नाय, मी दुरुस्त करून घेतला नाय. यानं मला सगळ्यांसमोर माफ केलं, म्हणून आज हा काट्याचं नाव घेत नाय. बॅच काट्यानं घालवली. याची चूक नाय.’

समीर ताडकन उठला. मला वाटलं, त्याला हायसं वाटलं असेल. त्याच्या तोंडावर तसलं काहीच नव्हतं. ‘मामा, कशाला?’ एवढं म्हणाला आणि खोलीबाहेर गेला.

नंतर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. काटा बदलला, त्याच्या जागी आकडे दाखवणारं नवीन यंत्र आलं. समीर कायम झाला. त्याने पेढे वाटले, मामांनीही मान हलवून एक घेतला. आमच्या बैठकीचं मुंबईत कौतुक झालं, इतर विभागांना आमचं उदाहरण देऊ लागले. आणि त्या दिवसापासून मामा समीरशी एक शब्द बोलले नाहीत. शिफ्ट बदलताना सगळं कागदावर लिहून देतात. सुवाच्य अक्षरात, काही म्हणता काही राहत नाही. कागद ड्रायरवर ठेवतात आणि डोंगराच्या वाटेला लागतात. समीर कागद वाचतो आणि कामाला लागतो. आधी गप्पांच्या नादात निम्मं सांगायचं राहून जायचं. आता एकही बॅच बिघडत नाही, हे मला मुद्दाम नोंदवलं पाहिजे, कारण गोंधळ तिथेच आहे.

मी मामांना विचारून थकले. मग मे महिन्यात एका रविवारी त्यांच्या वाडीवर गेले. करवंदांच्या जाळ्यांमधून वर चढणारी वाट, पायाखाली तापलेला मुरूम, खाली खोल पोलादपूरची कौलं. मामा काजूच्या बिया आणायला रानात गेले होते. मामी अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या, हात कोपरापर्यंत लाल. मी विषय काढला तशा त्या हसल्या.

‘अगो, नारळ वाढवला की विषय मिटला. मिटलेला विषय जो परत काढील, त्यानं पुढल्या शिमग्यापर्यंत बैठकीत तोंड उघडायचं नाय, आन् ज्याचा शब्द मोडला त्याच्याशी बोलायचं नाय. त्यानं माफ केलेलं, ह्यांनी ते उकरलं, म्हणजे त्याची माफी खोटी ठरवली ना गो!’

‘पण मामी, त्याच्या भल्यासाठीच ना? त्याची नोकरी गेली असती.’

‘भल्यासाठीच,’ मामी म्हणाल्या. ‘म्हणून तर काढला. पण काढला तो काढलाच. त्याचं काय करायचं?’

‘कंपनीत कोण बघतंय? तिथे कुठे गावकी आहे?’

मामींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुढचं आमसूल उलटं करायला घेतलं. ‘तुमीच सांगितलं ना त्यांना,’ त्या म्हणाल्या, ‘की गावकीसारखंच हाय म्हणून?’

उतरताना मी फार चिडले होते. मामांवर, मॅडमवर, त्या चिठ्ठ्यांवर, आणि स्वतःवर तर होतेच. माणसं मोठी की रिवाज? असं मी मनात म्हणत होते. पण अर्ध्या वाटेवर मला पप्पांची सभा आठवली. ज्या काकांचा टँकर आला नव्हता, त्यांचं नाव लागोपाठ काही वर्षं वाचलं गेलं. पुढे टँकर वेळेवर यायला लागला, तो आजतागायत. ते काका मात्र सभेला यायचे बंद झाले. ते समितीतून गेले, हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, माझ्याही नाही. आम्ही टाळ्या वाजवत होतो. मग आता मी कुठल्या तोंडानं वाडीला नावं ठेवू? वाडीच्या बैठकीत काटा तसाच राहतो आणि माणसं पुन्हा एकत्र जेवायला बसतात. आमच्या सभेत टँकर येतो आणि एक माणूस यायचा थांबतो. आणि कंपनीच्या बैठकीत? तिथे आम्हाला दोन्ही हवं होतं, किंवा नेमकं काय हवं होतं ते कुणी ठरवलंच नव्हतं. मी वाटेत एका दगडावर बसून बराच वेळ करवंदं खाल्ली. जीभ काळी झाली, तशी उठून खाली उतरले.

मग वर्ष गेलं. पाऊस आला, सावित्री फुगली, बाजारपेठेत दुकानदारांनी माल माळ्यावर चढवला, उतरवला. भात पिवळं झालं, कापलं गेलं. बैठका होत राहिल्या. मामा प्रत्येक बैठकीला वेळेवर येऊन गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. इतर लोकही शहाणे झाले. या बैठकीत बोललेलं संपत नाही, ते केव्हाही वर येऊ शकतं, हे त्यांना कळलं होतं. चिठ्ठ्यांवर ‘सर्व ठीक’ यायला लागलं. रेवती मॅडमनी मामांच्या वर्षाच्या मूल्यमापनाच्या कागदात ‘संवादात कमी पडतात’ असं लिहिलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले. सगळी हकिगत सांगितली. त्या ऐकून सुन्न झाल्या, मग म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं, मी त्यांना समजून घेतेय.’ त्यांनी ते वाक्य खोडलं. मला त्यांची कीव आली, कारण माझंही तेच झालं होतं.

इथवर लिहून ठेवलं होतं. आता शुक्रवार होऊन गेलाय.

मामा आले ते कानामागे गुलालाचा पुसट रंग घेऊनच. वाडीत पालखी नाचवून त्यांचा आवाज घोगरा झाला होता. मी नेहमीचं विचारलं आणि वाट पाहिली. पंखा करकरत होता. कुणीतरी ‘सर्व ठीक’ लिहायला सुरुवातही केली होती.

‘मी बोलू का?’ मामा म्हणाले.

मामा समीरकडे वळले. वर्षाने त्याच्याकडे पाहून बोलत होते, तर शब्द जुळत नव्हते. ‘समीर, गेल्या वर्षी माझ्याकडनं तुझा शब्द मोडला. मिटलेलं मी उकरलं. वर्षभर मी त्याचं पाळलं. आता तू सांग रे. तुझ्या मनात हाय का अजून?’

हातातली चिठ्ठी घडी घालून घालून समीरने एवढीशी केली.

‘काट्याचं मी त्याच दिवशी विसरलो, मामा,’ तो म्हणाला. ‘पण पावसात माझे अब्बा गेले. तुमी एवढ्या पावसात डोंगर उतरून तुडीलला आलात. आमच्या दारात छत्री घेऊन उभे राहिलात. मला वाटलं, आता तरी बोलतील. तुमी नुसते उभे राहिलात आन् गेलात. सगळं गाव बोललं माझ्याशी त्या दिवशी. तुमी नाय बोलला. ते हाय माझ्या मनात.’

हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मामा गेले होते हेसुद्धा आम्हाला कधी कळलं नव्हतं. मामांचे हात गुडघ्यांवरच होते.

‘बोलायचं होतं रे,’ ते म्हणाले. ‘सगळी वाट काय बोलायचं तेच घोकत आलो होतो. दारात आलो आन्...’

रेवती मॅडम डोळे पुसत होत्या. मी मार्कर टेबलावर ठेवला. इथे आता कुणी काही चालवावं असं काही नव्हतं. खाली सुटलेल्या शिफ्टची बस हॉर्न देत होती.

समीर उठला, आपली खुर्ची ओढत मामांच्या समोर आणून ठेवली आणि बसला.

‘घोकलेलं आठवतंय ना अजून?’ तो म्हणाला. ‘मग ते सांगा आता.’